कोठी

लातूर, मे महिना. जळीत वॉर्डातले पंखे बंद
आणि हीटर चालू.
नव्या सिस्टरला हे दरवेळी समजावून सांगावं लागतं:
कातडी गेली की माणूस झाकण नसलेल्या भांड्यासारखा
वाफ होऊन जातो,
बेचाळीस डिग्रीत कुडकुडतो.

खाट क्रमांक सहा. मन्मथप्पा, आचारी, वय बावन्न.
औशाकडच्या लग्नात बुंदीची कढई कलंडली,
छातीपासून मांड्यांपर्यंत. शेकडा अडतीस.
गळ्यातलं लिंग निलावतीबाईंनी
धुवट रुमालात बांधून उशाशी ठेवलंय,
मलमाच्या डब्याला लागून.

मी आहारतज्ज्ञ. म्हणजे माझ्याकडे एक वजनकाटा,
काही तक्ते, आणि चोवीस तासांची लघवी साठवायचा
पाच लिटरचा कॅन, ज्याला सगळे नाक मुरडतात.
त्यातला नायट्रोजन मोजायचा असतो.
खरं तर त्यात माणूस असतो, रोज थोडा थोडा:
पोटरी, दंड,
झारा फिरवणारं मनगट.

नवव्या दिवशी काटा साडेसहा किलोंनी खाली.
"निस्तं पडून तर हायत," निलावतीबाई म्हणाल्या,
"काम ना धाम. मग झिजूलालेत कशानं?"
मी सांगितलं, जखमेला भूक असते.
अंग स्वतःच्याच छपराचे वासे काढून
चुलीत घालतंय, रात्रंदिवस, विचारल्याशिवाय.
त्यांनी मान हलवली, पटली नाही तशी.

पट्ट्यांच्या आतून तो बोलला, पहिल्यांदाच सलग:
"चारशे पानं सांगितली
आन् नऊशे येऊन बसली, असं म्हणा की.
कोठीवर कोण हाय?"

कोठीवर कुणीच नव्हतं.

दिवसाला एकशे तीस ग्रॅम प्रथिनं, मी लिहिलं,
आणि समोर वाडग्यात तुरीचं वरण
ज्याच्या तळाशी वाडगा दिसत होता.
अंडी म्हटलं. तो हसला, म्हणजे ओठ फाटले.
"माय, गळ्यात लिंग हाय."
गळ्यात नव्हतं. मी काही बोलले नाही.

एक कबुली इथंच देऊन टाकते.
बाराव्या दिवशी अल्ब्युमिनचा रिपोर्ट बघून
मी घरून पांढरा बलक घुसळून आणला होता,
खिरीत वेलदोड्याखाली दडवायला.
दारातच थांबले. ज्या माणसाला
वासावरून कळायचं की येसर कुणाच्या हातचं,
त्याच्याशी हा खेळ? आणि कळलं नसतं तर,
ते जास्त वाईट.
बेसिनमध्ये ओतलं. फेस बराच वेळ जाईना.

मग तोच सांगत गेला, मी लिहीत गेले.
फुटाण्याचं पीठ पुन्हा भाजायचं, मंद, करपू द्यायचं नाही.
शेंगदाणे सोलून. सोयाबीन दोनदा उकळायचं,
पहिलं पाणी फेकायचं, नाहीतर हिरवट लागतं.
दुधाची पावडर कोमट दुधातच मोडायची.
"गाठ राहिली की वऱ्हाड नावं ठेवतं."
दर दोन तासांनी एक पेला. रात्री दोनलाही.
निलावतीबाईंनी वॉर्डबॉयची शेगडी ताब्यात घेतली.
खाट चारमधली रेश्माबी, स्टोव्हच्या भडक्यातली,
तीही तेच मागू लागली.

वजन वाढलं नाही. उतरायचं थांबलं.
आमच्यात याला आनंदाची बातमी म्हणतात.

पाठीची कातडी काढून छातीवर लावली.
पाचव्या दिवशी सर्जननं पट्टी सोडली,
खारं पाणी टाकत टाकत, कडेकडेनं.
बरीच पकडली होती. काखेजवळचा तुकडा सुटला.
मधल्या फटींत मात्र, लाल ओलसर मांसावर
काहीतरी पातळ, निळसर, चमकणारं सरकत होतं
आत, चारी बाजूंनी.

मन्मथप्पानं मान वाकवून पाहिलं.
बराच वेळ पाहिलं, उतू जाणाऱ्यावर नजर ठेवावी तसं.
सिस्टर बोळा घेऊन पुढं झाली.

"थांबा माय," तो म्हणाला,
"साय धरूलाली. हलवू नका."